प्रेमाची साक्ष : मरण की मागे उरणे?

प्रेम आणि मृत्यू यांची जोडी वाङ्मयात फार जुनी आहे. तिच्याविषयी नवे असे काही सांगावयाचे उरले नसेल, असे कोणासही वाटावे. परंतु जुन्या विषयाभोवती एखादे चुकीचे मत रूढ होऊन बसले, आणि ते सभेत, वर्गात, ग्रंथपरीक्षणात व चित्रपटगृहात एकसारखे उच्चारले जाऊ लागले, म्हणजे त्याचा समाचार घेणे भाग पडते. असे एक मत आज आपल्या रसिकवर्गात मूळ धरून आहे. ते थोडक्यात असे : जे प्रेम मरणापर्यंत पोचले तेच खरे, जे मागे उरले, संसाराला लागले, पोटापाण्याच्या उद्योगात वावरले, ते प्रेम सज्जनपणाचे असेल, पण काव्याच्या योग्यतेचे नव्हे. मरण ही जणू प्रेमाच्या दस्तऐवजावरील मोहोर. ती उमटल्यावाचून दस्त पक्का होत नाही! प्रस्तुत लेखाचा हेतू या मताचे खंडन करण्याचा आहे. प्रेमाची साक्ष द्यावयाची ती मागे उरणाऱ्याने, असे आमचे म्हणणे आहे. आणि त्याचा पुरावा शोधण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. तो खानदेशाच्या मातीतच सापडतो.

प्रथम बालकवींचे उदाहरण घेऊ. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगाव येथे झाला. १९०७ साली जळगावास जे कविसंमेलन भरले, त्याचे अध्यक्ष कर्नल कीर्तिकर होते; तेथेच या पोरसवदा कवीच्या कवितेने सभा मोहून गेली आणि 'बालकवी' हे नाव त्यास मिळाले. पुढे ५ मे १९१८ रोजी जळगावनजीकच्या भादली स्थानकापाशी आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांच्या वयाची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. हकीकत इतकीच, पण इतक्यावर आमच्या वक्त्यांचे समाधान होत नाही. 'पारवा', 'खेड्यातील रात्र' आणि विशेषतः 'औदुंबर' या कवितांचे बोट धरून ते थेट भादलीच्या रुळांपर्यंत जातात. कवीला आपला शेवट आधीच दिसला होता, सृष्टीवर जिवापाड प्रेम करणाऱ्याला सृष्टीनेच पोटाशी घेतले, असे काहीबाही सांगतात. आणि श्रोते मान डोलावतात. उत्तरपत्रिका तपासताना हेच वाक्य दरवर्षी शेकड्याने वाचण्याचे प्राक्तन प्रस्तुत लेखकासारख्या अध्यापकाच्या वाट्यास येते.

या विधानात तर्क कोठे आहे? कविता आधीची, अपघात नंतरचा. नंतरच्या गोष्टीने आधीच्या गोष्टीचा अर्थ ठरवावयाचा, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? शिवाय ज्या हाताने 'पारवा' लिहिला त्याच हाताने 'फुलराणी' लिहिली. त्या कवितेत एका कळीचे आणि सूर्यकिरणाचे लग्न लागते, आणि सारी सृष्टी वऱ्हाडी होऊन येते. 'पारवा' हे जर मरणाचे भाकीत मानावयाचे, तर 'फुलराणी' हे कशाचे भाकीत? या प्रश्नाचे उत्तर आजवर कोणी दिलेले आम्ही ऐकले नाही. खरी गोष्ट अशी की कवीच्या मरणाने आपण इतके दिपून जातो की त्याची कविता वाचण्याचे श्रम आपणांस नकोसे होतात. मरण हे आळशी टीकाकाराचे आवडते साधन आहे. ते हाती आले की ओळीओळींतील शब्दयोजना, रंगांची निवड, लयीची चाल यांतील काहीच पाहावे लागत नाही.

आणि मागे उरलेल्यांचे काय? रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई या दांपत्याने बालकवींवर पुत्रवत प्रेम केले होते. बालकवी गेल्यावर अवघ्या एका वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. एका वर्षाच्या अवधीत पुत्रासमान कवी आणि पती असे दोघे ज्या बाईने गमावले, तिने पुढे काय केले? ती जगली. तिने घर चालविले, पोरक्यांना जवळ केले, आणि म्हातारपणी 'स्मृतिचित्रे' लिहावयास घेतली. १९३४ पासून तिचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. त्या पुस्तकात टिळकांच्या लहरी आहेत, भांडणे आहेत, धर्मांतराने झालेली ताटातूट आहे, आणि या सर्वांतून अखंड वाहणारा हास्यरस आहे. मराठीत प्रेमाचा याहून खरा ग्रंथ आम्हांस तरी ठाऊक नाही. परंतु त्यास प्रेमकथा म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. कारण त्याची नायिका मरत नाही, ती आठवते.

कोणी म्हणेल, प्रेमाचे मरणाशी नाते आमच्या पूर्वसूरींनीच जोडले आहे. तुम्ही कालिदासालाही दोष देणार काय? कालिदासास दोष देण्याचे कारणच नाही. दोष आहे तो त्याला अर्धवट वाचणाऱ्यांचा. 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गातील अजविलाप सर्वांस ठाऊक आहे. आकाशातून पडलेल्या फुलांच्या माळेने इंदुमतीचे प्राण गेले आणि अजाने जो शोक केला, तो संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाने वाचलेला असतो. पण त्यापुढे कवी काय सांगतो? पुत्र दशरथ लहान म्हणून अजाने आठ वर्षे कसाबसा देह धारण केला. मुलगा राज्यभार उचलण्याजोगा झाल्यावरच त्याने गंगा आणि शरयू यांच्या संगमावर देह ठेवला. विलाप एका प्रहराचा, आणि ही आठ वर्षे! अजाचे इंदुमतीवरील प्रेम कोठे दिसते, त्या प्रहरात की त्या आठ वर्षांत? कालिदासाने दोन्ही सांगितले. आम्ही पहिले पाठ केले आणि दुसरे गाळले.

आमच्या रंगभूमीवर या गाळण्याचा परिणाम काय झाला, हे 'एकच प्याला'वरून दिसेल. राम गणेश गडकरी यांचा मृत्यू २३ जानेवारी १९१९ रोजी झाला आणि त्यानंतर महिन्याभरातच हे नाटक बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आले. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्वांनी महाराष्ट्राला किती रडविले, याच्या कथा आमच्या आजोबांच्या पिढीने सांगितल्या आहेत. गडकऱ्यांचा रोख दारूच्या व्यसनावर होता, हे आम्ही जाणतो; त्यांच्या प्रतिभेविषयी आमच्या मनात शंका नाही. पण प्रेक्षक नाट्यगृहातून घरी काय घेऊन गेला? मूल गेले, सिंधू गेली, शेवटी सुधाकरानेही विष घेतले. आणि या मरणांच्या पुरात एक साधा प्रश्न वाहून गेला, तो हा की सिंधूने वाचावे कसे? तिच्या सोसण्याचे शिखर म्हणजे तिचे मरण, असे ठरले. मग तिला सोडविण्याची जबाबदारी कोणावरच उरली नाही. डोळे पुसले की हिशेब चुकता! ज्या समाजात बाईच्या मरणावर इतके सुरेख रडता येते, त्या समाजाला तिच्या जगण्याची व्यवस्था लावण्याची निकड वाटत नाही.

नाटकाचे हे व्यसन बोलपटाने वारशाने घेतले, आणि त्याचा कळस 'देवदास'मध्ये झाला. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ही कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. प्रमथेश बरुआ यांनी १९३५ साली तिच्यावर बोलपट काढला, बिमल रॉय यांनी १९५५ साली, आणि संजय लीला भन्साळी यांनी २००२ साली. प्रत्येक पिढीने आपला देवदास निराळा निवडला, पण त्याचे मरण मात्र कायम ठेवले. आता कादंबरी उघडून पाहावी. पार्वती मनातील दुःख मनात ठेवून प्रौढ विधुराच्या घरी सावत्र मुलांची आई होते, तेथले घर सांभाळते. चंद्रमुखी आपला जुना धंदा टाकून खेड्यात जाऊन राहते. या दोघींच्या प्रेमाने त्यांना काही करावयास लावले. देवदासाच्या प्रेमाने त्याला पिण्यापलीकडे काही सुचू दिले नाही. आणि खुद्द शरच्चंद्र कादंबरीच्या शेवटी वाचकापाशी या अभाग्यासाठी दयेची याचना करतात. असे मरण कोणाच्या वाट्यास येऊ नये, असा त्यांचा भाव आहे. लेखकाने दया मागितली. प्रेक्षकांनी पूजा बांधली!

या पूजेला पहिले खणखणीत उत्तर मराठी माणसाने दिले, ही अभिमानाची गोष्ट होय. १९३९ साली प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'माणूस' काढला; शाहू मोडक यांनी गणपत शिपायाची आणि शांता हुबळीकर यांनी मैनेची भूमिका केली. गणपत वेश्यावस्तीतील मैनेवर प्रेम करतो, तिला संसारात आणू पाहतो. पण तिचा भूतकाळ आडवा येतो आणि ती तुरुंगात जाते. देवदासाने प्याला उचलला असता असाच हा प्रसंग. परंतु शांतारामांनी गणपतला मरू दिले नाही. प्रेम गमावलेल्या माणसाने जगलेच पाहिजे, या निष्कर्षाशी तो चित्रपट येऊन थांबतो. त्यास आज पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. तरी देवदासाचे नाव पोरासोरांच्या तोंडी आहे, आणि गणपत शिपाई मात्र अभ्यासकांपुरता उरला आहे. यात शांतारामांचा पराभव नसून आमच्या अभिरुचीचा आहे.

आता ज्या पुराव्याचा आरंभी उल्लेख केला, त्याकडे वळू. भादलीपासून आसोदे हे गाव फार दूर नाही. तेथे २४ ऑगस्ट १८८० रोजी बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि वयाच्या तिशीतच वैधव्य आले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या. म्हणजे पतीच्या मागे सुमारे चाळीस वर्षे त्या जगल्या. बालकवी भादलीस गेले त्या दिवशी, काही कोसांवर, ही अक्षरशत्रू बाई मुलांना वाढवीत, शेतात राबत, जात्यावर बसून मनाशी ओव्या जुळवीत होती. आणि महाराष्ट्रात कोणास तिचा पत्ता नव्हता. मुलगा सोपानदेव यांच्यासारख्या घरच्या माणसांनी काही गाणी टिपून ठेवली म्हणून ती वाचली. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' हा संग्रह निघाला, तेव्हा गाणारी या जगात नव्हती.

या गाण्यांत पतीच्या मरणाचा प्रसंग रंगवून सांगितलेला नाही. पण कुंकू पुसले गेल्यावर कपाळावरची कर्माची रेघ उघडी पडली, हा विचार त्यांत आहे; आपला हात पाहण्यास आलेल्या ज्योतिष्याला दारातून परत धाडणारी बाई त्यांत आहे; जन्म आणि मरण यांमधले अंतर श्वासाच्या येण्याजाण्याने मोजणारी बुद्धी त्यांत आहे. आणि या सर्वांच्या शेजारी, त्याच सुरात, पेरणी आहे, मळणी आहे, चुलीचा चटका आहे, सुगरणीचा खोपा आहे. दुःखाला निराळी खोली नाही. जो माणूस गेला त्याच्यावरील प्रेमाचे रूपांतर त्याच्या मुलांच्या भाकरीत, त्याच्या शेतातील कापसात होत राहते. शोक कामात मुरतो आणि कामातून गाणे निघते. ज्यांना प्रेमकाव्य म्हणजे केवळ प्रियकर-प्रेयसींचा संवाद वाटतो, त्यांना हे प्रेमकाव्य वाटणार नाही. पण चाळीस वर्षे मोडलेला संसार उभा धरून ठेवणे हे जर प्रेम नसेल, तर प्रेम या शब्दाला अर्थ तरी कोणता उरतो?

येथे प्रतिपक्षाचा एक आक्षेप येईल. खानदेशचेच सर्वांत लाडके पुस्तक 'श्यामची आई', त्याचा शेवट आईच्या मरणानेच होतो ना? साने गुरुजी कोकणातील पालगडचे. पण अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील सेवेने ते आमचे झाले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहिले, आणि १९५३ साली अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुस्तकात आई मरते, हे खरे. वाचक रडतो, हेही खरे. पण पुस्तक पुन्हा पाहावे. श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगत जातो, आणि त्या बहुतेक रात्री आईच्या साध्या वागणुकीच्या आहेत : पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाने मनालाही जपावे हे शिकविणारी आई, भित्र्या मुलाला पोहावयास पाठविणारी आई, कर्जाने गांजलेली आई. प्रेम या रात्रींत सिद्ध झालेले आहे. मरण त्यात काही भर घालीत नाही, ते फक्त हिरावून नेते. शिवाय सांगणारा कोण, तर मागे उरलेला मुलगा.

साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपविले. तेही आमचे वक्ते त्यांच्या कोमल अंतःकरणाचा अलंकार म्हणून मिरवितात, हे आम्हांस असह्य होते. ते मरण ही एक हानी होती. तिला हानीच म्हणावे. गुरुजींच्या हातून मृत्यूविषयी काही शिकावयाचेच असेल, तर धुळ्याच्या तुरुंगाकडे जावे. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत विनोबांनी तेथे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, आणि ती उतरून घेणारा हात साने गुरुजींचा होता. आठव्या अध्यायावरील प्रवचनात विनोबा मरणाचे स्मरण ठेवावयास सांगतात, पण कशासाठी? शेवटच्या क्षणी जे मनात यावयाचे ते जन्मभराच्या लहानसहान कृत्यांनी घडत असते, म्हणून रोजचे कृत्य शुद्ध असावे यासाठी. मरणाचा विचार त्यांनी मरणाच्या थाटासाठी केला नाही, आजच्या दिवसासाठी केला. प्रेमाविषयीही आम्ही हेच म्हणत आहोत.

दुसरा आक्षेप असा की, मग शोकान्त कलाकृती सगळ्याच टाकाऊ काय? मुळीच नाही. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चे (२०१६) उदाहरण घ्या. त्यात आर्ची आणि परश्या दोघेही शेवटी मारली जातात. पण ती मरण निवडीत नाहीत. त्यांना जगावयाचे असते. चित्रपटाचा जवळजवळ अर्धा भाग परक्या शहरात त्यांनी मांडलेल्या संसारात जातो : भाड्याची खोली, नोकरी, भांडण, समेट, मूल. हे प्रेम मेल्यामुळे थोर ठरत नाही. ते थोर होतेच, आणि जातीच्या अभिमानाने त्याचा खून केला. मारणारे कोण, हे चित्रपट लपवीत नाही. आणि शेवटी पडद्यावर कोण उरते, तर रक्तात पाय माखलेले तान्हे लेकरू. तो प्रेक्षकाला रडून मोकळे होऊ देत नाही. शोकान्त कृतीची परीक्षा आम्ही अशी करतो : ती मरणाचे कारण सांगते की त्यावर दैवाचा पडदा टाकते? मरणाआधीचे दिवस दाखविते की ते उरकून टाकते? आणि मागे उरलेल्याकडे पाहते की त्याला विसरते? या तीन प्रश्नांना जी कृती उतरेल तिच्यापुढे आम्ही नम्र आहोत.

हा वाद केवळ रसचर्चेचा असता तर त्यावर इतकी शाई खर्चिली नसती. ज्या काळ्या जमिनीत बहिणाबाईंची गाणी उगवली, त्याच जमिनीत आज कर्जापायी आत्मघात करणाऱ्या शेतकऱ्यांची घरे आहेत. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे यास अपवाद नाहीत. त्या घरांतील मुले-मुली आमच्या वर्गांत बसतात. बाप गेल्यावर सातबाऱ्यावर वारसाची नोंद करण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारी, सोसायटीचे आणि सावकाराचे देणे निस्तरणारी, मुलीच्या शुल्कासाठी दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जाणारी आई त्यांनी पाहिलेली असते. त्या मुलांपुढे उभे राहून, प्रेमाची परिसीमा मरणात आहे, असे शिकविणे याला अज्ञान म्हणावे की निर्दयता? तरुण मनावर शब्दांचा परिणाम होतो. ज्यांचा शब्दांच्या सामर्थ्यावर विश्वास आहे अशा वाङ्मयाच्या अध्यापकांनी तरी हे विसरू नये.

याच विषयावर सतीश मनवर यांनी २००९ साली 'गाभ्रीचा पाऊस' हा चित्रपट काढला. कथा विदर्भातील आहे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर एका बाईला आपल्या नवऱ्याविषयी धास्ती वाटू लागते. ती त्याच्यावर पाळत ठेवते, लहान मुलालाही त्याच्या मागे लावते, त्याला आवडेल ते रांधते, त्याच्या बारीकसारीक हालचाली टिपते. प्रेक्षक हसतोही, पण त्या हसण्याच्या तळाशी भय असते. प्रेम आणि मृत्यू यांचे असे चित्र आपल्याकडे विरळा. येथे प्रेम मृत्यूच्या गळ्यात माळ घालीत नाही; दाराशी बसून त्याची वाट अडविते. तेथे ना विरहगीत आहे, ना चांदणे. आहे ती फक्त रात्रभर जागी असलेली बायको. हा चित्रपट किती घरांतून पाहिला गेला, आणि देवदासाचे मरण किती घरांतून पाहिले गेले, याचा प्रत्येकाने आपल्याशी विचार करावा.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. बालकवींच्या स्मृतिदिनी भादलीचा उल्लेख एका वाक्यात करावा, आणि उरलेला वेळ त्यांच्या कविता वाचण्यात घालवावा. अजविलाप शिकविताना त्यापुढील आठ वर्षांचा श्लोक सोडू नये. 'श्यामची आई'ची शेवटची प्रकरणे वाचून डोळे पुसणाऱ्याने पहिली प्रकरणे वाचून आपल्या आईकडे पाहावे. १९९० साली जळगावास स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. ते प्रवेशद्वारावर कोरून आम्ही मोकळे झालो असू, तर तो गौरव नव्हे. त्या नावाचा अर्थ असा आहे की, या प्रांताने प्रेमाची साक्ष म्हणून एका अशा बाईला निवडले आहे, जी आपल्या माणसाच्या मागे चाळीस वर्षे जगली आणि जगता जगता गात राहिली. कोणतीही प्रेमकथा हाती घ्यावी, कोणताही चित्रपट पाहावा. रुमाल काढण्यापूर्वी एकच विचारावे : यात मागे कोण उरले, आणि त्याचे पुढे काय झाले? ज्या कृतीपाशी याचे उत्तर नाही, तिने मृत्यूचेही दर्शन घडविलेले नाही आणि प्रेमाचेही नाही.